उपाधीचा रकाना

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ सहा इंची स्टीलची पट्टी खिशात घेऊन फिरायचे आणि लोकांच्या कॉम्प्युटरच्या काचेला ती लावून ईमेलखालची सही मोजायचे. नव्या मुलींना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी थापा मारतेय. अगं बायांनो, थापा मारायलासुद्धा अंगात जोर लागतो. डोंबिवलीहून कंपनीच्या बसने शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून ठाण्याला पोचेपर्यंत माझा तो संपलेला असतो.

सही म्हणजे मेलच्या तळाशी आपोआप उमटतं ते. नाव, हुद्दा, विभाग, फोन, कंपनीचा लोगो. आम्ही सगळे सिग्नेचर म्हणायचो, ते सही म्हणायचे. आमची कंपनी पाण्याच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह बनवते आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक नगरपालिका नाहीतर सरकारी खाती. त्यामुळे पत्रव्यवहार मराठीत, आणि सही वर मराठीत, खाली इंग्रजीत. एकदा कुठल्याशा नगरपालिकेच्या इंजिनिअरने आमच्या साहेबांना फोन करून विचारलं, तुमच्या चार माणसांच्या चार मेल आल्यात, चारही मेलखाली कंपनीचं नाव वेगळं लिहिलंय, आम्ही नक्की कोणाशी बोलतोय? साहेब ओशाळले. त्यांनी ह्या पट्टीवाल्या गृहस्थांना बोलावून सांगितलं, सगळ्यांच्या सह्या एकसारख्या करून टाका. साहेब सांगून विसरले. ह्यांनी वसा घेतला.

आधी ते जावक विभागात होते. मराठी टाइपरायटरवर पत्रं टाइप करायची, जावक क्रमांक घालायचा, पाकिटं बंद करायची, असं आयुष्य गेलेलं. रिटायर झाल्यावर साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं, दर वर्षी एकेक वर्ष वाढवून. कल्याणहून एसटीने ठाण्याच्या खोपट स्टँडला उतरायचे आणि तिथून चालत यायचे. रिक्षा का करत नाही विचारलं तर म्हणायचे, रिक्षावाला रोज वेगळ्या रस्त्याने आणतो. ऑफिसात पाठीमागे त्यांचं नाव टिंबकाका, कारण बापाच्या नावाच्या आद्याक्षरापुढे टिंब हवं आणि हुद्द्यापुढे नको, ह्यावरून त्यांनी अर्ध्या ऑफिसचं डोकं उठवलेलं. तोंडावर नुसतं काका. ते मात्र सगळ्या बायकांना 'बाई' म्हणायचे, वय बावीस असो की बावन्न. एक मुलगी माझ्याजवळ कुरकुरली, "मी काय ह्यांच्या शाळेत शिकवते का?" मी म्हटलं, घे सवय करून.

"पत्राखालचं नाव म्हणजे दारावरची पाटी," असं त्यांचं म्हणणं. "पाटी वाकडी असली तर माणूस बेल वाजवण्याआधीच मत बनवून बसतो."

एका पोरगेल्या इंजिनिअरच्या स्क्रीनवर लोगो दोन मिलिमीटर मोठा भरला. तो म्हणाला, "काका, लोगो बरोबर आहे, मी झूम केलंय. डोळे दुखतात माझे." काका पट्टी खिशात ठेवत म्हणाले, "मग डोळ्यांना औषध घाला." दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आयड्रॉप्सची बाटली त्याच्या टेबलावर ठेवून गेले. झूमही शंभर टक्क्यांवर आणून गेले.

विक्री विभागातल्या एकाने स्वतःच्या नावाखाली 'विभागीय प्रमुख' असं लिहून टाकलेलं. कोणी केलं नाही म्हणून आपणच आपल्याला केलं. काका त्याच्यासमोर उभे. "नेमणुकीचं पत्र दाखवा."

"काका, तसं पत्र नाही. पण कामं सगळी मीच करतो ना?"

"कामं करा. प्रमुख होऊ नका."

तो महिनाभर काकांशी बोलला नाही. काकांना ते कळलं की नाही कोण जाणे. कळलं असतं तरी त्यांच्या तक्त्यात त्यासाठी जागा नव्हती.

आणि स्टोअरमधला खाडीकाठच्या कोळीवाड्यातला एक माणूस. त्याच्या सहीखाली एक लाल गुलाब असायचा, हलणारा. काकांनी गुलाब काढला तेव्हा तो माणूस त्यांना शोधत वर आला. "काका, तो गुलाब माझ्या पोरीने टाकलेला. मना राहू दे ना." काका म्हणाले, "प्रमाण म्हणजे सगळ्यांना. एकाला सोडलं की ते प्रमाण नाही, ती मेहेरबानी." दुपारी मी स्टोअरमध्ये काही कामाला गेलेले, तर काका स्टुलावर चढून गुलाबाची रंगीत प्रिंट भिंतीला चिकटवत होते. पट्टीने दोन्ही बाजूंचं अंतर मोजून. तो माणूस खाली स्टूल धरून उभा होता. सूट मिळाली नाही ती नाहीच, पण गुलाब अजून तिथे आहे.

मी एचआरमध्ये. एचआर म्हणजे काय, रजा, पीएफचे फॉर्म आणि वाढदिवसाचे केक. सगळ्यांची नावं, हुद्दे, लग्नं माझ्या फायलींत, म्हणून काका सगळ्यात जास्त माझ्या टेबलाशी. त्यांनी एक तक्ता केलेला. प्रत्येकाची एक ओळ. रकाने असे: उपाधी, नाव, हुद्दा, विभाग, दूरध्वनी. सहीतल्या सगळ्या गोष्टी त्या तक्त्यातून उचलल्या जायच्या. उपाधी म्हणजे नावाआधीचं श्री., डॉ. वगैरे. सरकारी खात्यांना नावाआधी काहीतरी लागतं, नाहीतर त्यांना अपमान वाटतो, त्यांचा नाही, पत्र लिहिणाऱ्याचा.

आता ह्या उपाधीपायी काय झालं ऐका. काकांनी सरकारी पत्रांचा कित्ता गिरवला. सरकारी पत्रात बाई दिसली की सरसकट श्रीमती. म्हणून एका सोमवारी आमच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्या बायका आपापल्या मेलखाली श्रीमती झाल्या. आपल्याकडे श्रीमती म्हटलं की लोकांना काय कळतं, हे मी सांगायला नको. अकाउंट्समधली माझी मैत्रीण पदर खोचून उठली आणि काकांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "काका, माझे मिस्टर ठणठणीत आहेत. सकाळी भेंडीची भाजी नको म्हणून भांडून गेलेत." तिच्या मागे सात-आठ जणी. एकीच्या नवऱ्याने तर तिच्याच मेलला उत्तर पाठवलेलं, मला जिवंतपणी घालवलंस का म्हणून. हसून हसून पुरेवाट झाली. काका हसले नाहीत. आपल्या हातून चूक झाली हे त्यांना फार लागलं. "शासकीय रीत वेगळी आणि घरची वेगळी, हे मी पाहिलं नाही," एवढंच म्हणाले.

त्यावर त्यांनी उपाय काढला. प्रत्येक बाईला एक कागद दिला. सौ., श्रीमती, कु. ह्यांपैकी काय लावायचं ते जिचं तिने लिहून द्यायचं, खाली सही. दोन दिवसांत सगळे कागद परत आले. एक सोडून.

तो माझा.

आता सांगायला हरकत नाही, सगळ्यांना माहीतच झालंय. माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी वापीला नोकरीसाठी गेला आणि तिथे दुसरं घर करून राहिला. घटस्फोट नाही, भांडण नाही, फोनही नाही. सासूबाई माझ्याजवळच असतात. त्या शेजारीपाजारी सांगतात, मुलगा बाहेरगावी असतो. मीही ऑफिसात तेच सांगितलेलं. मंगळसूत्र घालते. लग्नाच्या पत्रिकेवर लोक सौ. लिहितात, हळदीकुंकवाला बोलावतात, मी जाते. लोकांनी म्हटलेलं ऐकून घेता येतं. पण स्वतःच्या हाताने सौ. लिहून द्यायचं आणि मग ते दिवसाला पन्नास मेलखाली पाठवत बसायचं, एवढं खोटं माझ्याच्याने पेलवेना. श्रीमती लिहावं तर माणूस जिवंत. शिवाय मैत्रिणीने सगळ्यांसमोर विचारलं असतं, अगं काय झालं, कधी झालं, कळवलं पण नाहीस? तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. मला फक्त एवढंच हवं होतं, की मला कोणी विचारू नये.

काका विचारायचे. रोज, सव्वाअकराला.

"बाई, आपला रकाना."

"देते, काका."

दुसऱ्या दिवशी परत. "बाई, आपला रकाना रिकामा आहे." तीन आठवडे. मी टॉयलेटला जाऊन बसायला लागले. फोन नसताना कानाला फोन लावायला लागले. ते शेजारी उभे राहायचे, फोन संपेपर्यंत, आणि मला न वाजणाऱ्या फोनवर काय बोलावं ते सुचायचं नाही. पांढरी विजार, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात ती पट्टी. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की शनिवारी-रविवारीही यायचा.

मग एक दिवस बस शीळफाट्याला दीड तास अडकलेली, सासूबाईंचं बीपी वाढलेलं, आणि मी पाण्याच्या कूलरशी बाटली भरत उभी. मागून आवाज. "बाई..."

मी वळले. आसपास कोणी नव्हतं, एवढं मी पाहिलं. मग मी म्हणाले, "काका, माझा नवरा गेला. नऊ वर्षं झाली."

त्यांचा चेहरा पडला. हात आपोआप जोडले गेले. "अरेरे. मग आपण श्रीमती..."

"वारला नाही हो. गेला. वापीला गेला, तो परत आला नाही. तिथे दुसरी आहे. आता सांगा, काय लिहू? तुम्हीच सांगा, तुम्हाला सगळं माहीत असतं."

बाटली भरून वाहत होती. त्यांनी हात पुढे करून नळ बंद केला. मग त्यांनी विचार केला. खरंच केला, माझ्या समोर, कपाळाला आठ्या घालून, एखाद्या हुद्द्यापुढे टिंब द्यावं की नाही ह्याचा करायचे तसा. आणि म्हणाले, "ह्याची सोय तक्त्यात नाही."

आणि निघून गेले.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नवऱ्यासाठी नाही. नऊ वर्षांनी एका माणसाला खरं सांगितलं तर तो म्हणतो तक्त्यात सोय नाही. मला वाटलं, ह्याच्यापेक्षा भिंतीला सांगायचं होतं.

पुढच्या सोमवारी सगळ्या ऑफिसला त्यांची एक मेल आली. एका ओळीची. 'सहीतील उपाधीचा रकाना आजपासून रद्द करण्यात येत आहे.' कारण दिलेलं नव्हतं. श्री. गेलं, सौ. गेलं, श्रीमती, कु., डॉ., सगळं गेलं. साहेबांचं श्री.सुद्धा. माझ्या मेलखाली नुसतं माझं नाव होतं, आणि माझ्यासारखंच बाकी सगळ्यांचं. मी सकाळभर उगाचच लोकांना मेल पाठवत होते. रजा मंजूर, फॉर्म मिळाला, धन्यवाद. प्रत्येक वेळी खाली बघायचे. किती वर्षांनी मला एवढं हलकं वाटलं.

साहेबांच्या मिसेस आमच्या कंपनीच्या संचालक आहेत. बाई वाईट नाहीत, पण सौ. त्यांच्या नावाचाच भाग आहे, पंचवीस वर्षांचा. तीन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं. केबिनमध्ये काकांना बोलावलं, आणि कर्मचाऱ्यांची माहिती माझ्याकडे म्हणून मलाही. मॅडम सोफ्यावर, साहेब टेबलामागे. मला खुर्ची दिली. काका उभेच राहिले, त्यांना बसा म्हटलं तरी.

साहेब मला म्हणाले, "एखाद्या लेडीजने तक्रार केली होती का ह्याबद्दल? तसं असेल तर सांगा, तिचं एकटीचं काढू. सगळ्यांचं कशाला?"

मी म्हणाले, "लेखी तक्रार नाही, सर."

"मग तोंडी?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "तोंडीही नाही, साहेब. बदल माझा मी केला."

"का पण?"

"रकाना बरोबर नव्हता."

साहेब वैतागले. त्यांना एक वाजता कुठेतरी जायचं होतं. "ठीक आहे, तुमचं ते प्रमाण वगैरे राहू द्या. फक्त मॅडमचं सौ. परत लावा. विषय संपला."

काका म्हणाले, "तसं करता येणार नाही. एकीला सौ. लावलं, की बाकीच्यांना लावलेलं नाही ते दिसायला लागतं."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हे तुम्ही मला सांगताय?" काकांनी खिशातली पट्टी बोटांनी सरळ केली. मी माझ्या वहीत बघत होते. वहीत काही लिहिलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, "बघू," आणि आम्ही बाहेर आलो. लिफ्टपाशी काकांनी मला आधी जा म्हणून हात केला, नेहमीसारखा. मी तेव्हाही काही बोलले नाही.

महिनाअखेरीला त्यांचं वर्ष संपत होतं. दर वेळी साहेब मुदतवाढीच्या कागदावर सही करायचे, कागद मीच टाइप करायचे. ह्या वेळी तो सही न होता परत आला. काकांनी घरी काय सांगितलं मला माहीत नाही. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे, आणि हे ऑफिसात येतात तेवढाच त्यांचा दिवसातला मोकळा वेळ, हे मला त्यांची फाइल बंद करताना आतल्या जुन्या अर्जांवरून कळलं. इतकी वर्षं रोज माझ्या टेबलाशी उभे राहिले, पण मी कधी विचारलं नव्हतं.

सह्यांचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला तक्ता समजावून दिला, तासभर, टिंबासकट. उठताना मी विचारलं, "काका, तुम्ही ते माझ्यासाठी केलंत का?"

"छे," ते म्हणाले. "एक रकाना रिकामा राहत होता. रिकाम्या रकान्याचा तक्ता मी कधी पुढे पाठवलेला नाही. दोनच मार्ग होते. रकाना भरायचा, नाहीतर काढायचा. आपल्याला भरता येत नव्हता."

ते खरं बोलत होते की माझी लाज राखत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं हा माणूस फक्त तक्त्याचा होता. कधी वाटतं नाही. मी त्यांना नमस्कार केला, त्यांनी मला केला, आणि ते खोपटच्या दिशेने चालत गेले.

पंधरा दिवस गेले. मग साहेबांची मेल आली. मॅडमच्या नावाआधी सौ. लावून घ्या, बाकी आहे तसं राहू द्या. दोन मिनिटांचं काम. मी तक्ता उघडला. रकाना परत घालायचा, एका ओळीत सौ. लिहायचं, बाकी सगळ्या ओळी रिकाम्या. लिहायला गेले तर हात चालेना. मी दमलेले होते. खोटं बोलून दमलेले, खोटं जपून दमलेले, सासूबाईंचं 'मुलगा बाहेरगावी असतो' ऐकून दमलेले. मी तक्ता बंद केला आणि साहेबांना उत्तर लिहायला घेतलं. मॅडमनाही त्यात घातलं.

लिहिलं: 'उपाधीचा रकाना माझ्यामुळे काढला गेला. माझे पती नऊ वर्षांपासून माझ्याबरोबर राहत नाहीत. ते हयात आहेत. घटस्फोट झालेला नाही. मला सौ. लिहिता येत नाही आणि श्रीमतीही लिहिता येत नाही. हे मी काकांना तोंडी सांगितलं होतं. त्यांनी माझं नाव तुम्हाला सांगितलं नाही. मी आज लेखी देत आहे.' व्याकरण तपासलं आणि मेल पाठवून दिली. आता सगळ्यांना कळणार, हे मला माहीत होतं, आणि कळलंच.

साहेबांचं उत्तर आलं नाही. अर्ध्या तासाने टेबलावरचा फोन वाजला. मॅडम होत्या.

"अगं, मला काय माहीत असं काही आहे ते," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. "माझं राहू दे. नको लावूस. आहे तसंच ठेव."

मी म्हणाले, "थँक्यू, मॅडम." मग धीर करून म्हणाले, "काकांना परत बोलावता येईल का?"

त्या म्हणाल्या, "आता कसं गं? ह्यांनी ती पोस्टच काढून टाकली. तुझ्याकडे दिलं ना काम." मग म्हणाल्या, रागाने नाही, अगदी साधं विचारल्यासारखं, "पण तू त्या दिवशीच का नाही बोललीस? मी होते ना तिथे. तेव्हाच म्हटलं असतं मी, राहू दे म्हणून."

मी फोन ठेवला. खरंच होतं त्यांचं. मी त्या केबिनमध्ये होते. बसायला खुर्ची दिली होती, आणि मला विचारलंही होतं.